विमानमार्गाचे अंतर आणि प्रवासाचा काळ

दोन नगरांमधील अंतर किती, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. परंतु पृथ्वीच्या पृष्ठभागावरील किमान अंतर, रस्त्याचे अंतर आणि प्रवासास लागणारा काळ या तीन भिन्न राशी होत. त्यांची गल्लत झाली म्हणजे अनुमाने चुकतात. राहुरीस जवळ असलेल्या शिर्डी विमानतळाचे उदाहरण घेऊन हा भेद येथे स्पष्ट करावयाचा आहे. काकडी येथील हा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला.

गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत आखूड मार्ग बृहद्वृत्तावरून जातो; म्हणजे ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते, त्याच्या कंसावरून. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरल्यास अक्षांशाचा एक अंश सुमारे १११.२ किलोमीटरांचा होतो. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तसा अक्षांशाच्या कोज्येच्या प्रमाणात लहान होत जातो; आपल्या भागात तो सुमारे १०५ किलोमीटर भरतो. या रीतीने गणित केल्यास शिर्डी ते मुंबई विमानतळ हे अंतर सुमारे १७२ किलोमीटर, व शिर्डी ते दिल्ली सुमारे १,०२४ किलोमीटर येते. दिल्लीचे अंतर मुंबईच्या सुमारे सहापट आहे.

मग काळही सहापट लागावा काय? तसे होत नाही. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे व वळसे घेणे यांत जाणारा काळ अंतरावर फारसा अवलंबून नसतो. हा स्थिर काळ ३० मिनिटे आणि उरलेल्या मार्गावरील वेग ताशी ८०० किलोमीटर मानू. मुंबईस ४३ मिनिटे व दिल्लीस १०७ मिनिटे लागतील. अंतर सहापट, काळ मात्र अडीचपट.

आता राहुरीहून निघणाऱ्या प्रवाशाचा विचार करू. विमानतळापर्यंतच्या रस्त्यास ७५, तेथील तपासणी व प्रतीक्षेस ६० आणि उतरल्यावर बाहेर पडण्यास ३० मिनिटे धरली, तर मुंबईचा एकूण काळ २०८ मिनिटे होतो. त्यात प्रत्यक्ष उड्डाणाचा वाटा एक-पंचमांश आहे. दिल्लीच्या प्रवासात तो दोन-पंचमांश होतो.

यावरून निघणारा निष्कर्ष ध्यानात घेण्याजोगा आहे. विमानाचा वेग दुप्पट झाला तरी मुंबईच्या प्रवासात साडेसहा मिनिटांहून अधिक वाचणार नाहीत. पण राहुरी ते काकडी हा रस्ता पाऊण तासात पार होऊ लागल्यास ३० मिनिटे वाचतील. अंतर जितके थोडे, तितके जमिनीवरील सोयीचे महत्त्व अधिक.

नाशवंत शेतमालाच्या वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांसही हेच तत्त्व उपयोगी पडेल. नकाशावरील अंतरास विमानाच्या वेगाने भागून मिळणारा आकडा मालाच्या टिकाऊपणाविषयी अपुरी माहिती देतो. काढणीनंतरची हाताळणी, रस्ता, विमानतळावरील प्रतीक्षा आणि उड्डाण या टप्प्यांचे काळ स्वतंत्रपणे मोजावेत. विलंब कोठे होतो हे तेव्हाच कळेल, आणि सुधारणेवरील खर्च कोठे करावा हेही ठरविता येईल.