नाणे तेच, प्रत निराळी

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या बडोद्याच्या घरी चांदीचे रुपये घासण्याचा एक सोहळाच असे. आजी ते चिंचेच्या कोळात भिजवून ठेवी आणि मग बारीक राखेने चोळून लख्ख करी. त्यांत राणीछाप रुपये होते, तसाच बडोदे संस्थानचा संवत १९४९चा, म्हणजे इसवी सन १८९२च्या सुमाराचा, एक रुपयाही होता. त्याच्या एका बाजूस महाराज सयाजीरावांची मुद्रा, दुसऱ्या बाजूस ‘एक रुपया’ ही अक्षरे, संवत आणि तलवार. १९६९ साली आमचे थोरले बंधू अमेरिकेस जावयास निघाले, तेव्हा आजीने तोच रुपया त्यांच्या हातावर ठेवला. परक्या देशात दादांना नाणी जमवण्याचा छंद लागला, त्याचे मूळ या रुपयात होते.

दोन वर्षांपूर्वी दादा गेले. त्यांच्यामागे राहिलेल्या संग्रहात एक्केचाळीस नाणी प्रतवारी करून प्लॅस्टिकच्या डब्यांत कायमची बंद केलेली होती. ती विकून नातीच्या महाविद्यालयीन शिक्षणाची सोय करावी, असे वहिनींच्या मनात आले. पण पुतण्याचे म्हणणे निराळे पडले. “ही प्रतवारी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची आहे. त्या वेळचे परीक्षक फार कडक होते. सगळी नाणी पुन्हा तपासून घेऊ, प्रत वाढली की भाव वाढेल,” असा त्याचा आग्रह. वहिनींना भीती वाटे ती खर्चाची, आणि प्रत उलट खाली आली तर काय, याची. अखेर त्यांनी मला फोन केला, “भाऊजी, तुम्हाला यातले कळते. तुम्हीच काय ते सांगा.” मागील हिवाळ्यात मी तिकडे गेलो, तेव्हा आम्ही तिघे त्या डब्या मांडून बसलो. परदेशी असलेल्या आप्तांचे असे संग्रह आज आपल्यापैकी अनेक घरांच्या वाट्याला येऊ लागले आहेत. म्हणून त्या बैठकीतील विचार येथे मांडतो.

प्रथम ही प्रतवारी म्हणजे काय, ते पाहू. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी गुणांची पट्टी सुचवली. पुढे तीच सर्व नाण्यांना लागू झाली. चलनात फिरलेल्या नाण्याला जास्तीत जास्त ५८ गुण मिळतात. ६० पासून पुढचे गुण चलनात न फिरलेल्या, झीज नसलेल्या नाण्यांसाठी राखलेले आहेत. १९८६ साली पी.सी.जी.एस. आणि १९८७ साली एन.जी.सी. या संस्थांनी नाणे तपासून, त्याच्या खरेपणाची हमी देऊन, गुणांच्या चिठ्ठीसह ते डबीत बंद करण्याचे काम सुरू केले. न पाहिलेले नाणेही ग्राहक विश्वासाने घेऊ लागले, ते या डबीमुळे.

तथापि हा आकडा वजनकाट्यावरचा नव्हे. तो अनुभवी माणसांनी डोळ्यांनी पाहून दिलेला अभिप्राय आहे. टाकसाळीतून निघताना नाण्यावर असलेली झळाळी, पिशवीत एकमेकांवर आपटून पडलेले ओरखडे, ठशाचा उठाव, एकंदर शोभा, या सर्वांचा तो मेळ असतो. ६४ आणि ६५ यांच्या सीमेवरचे नाणे आज एका बाजूस पडेल, उद्या दुसऱ्या. शिवाय काळानुसार परीक्षकांचा हात सैल होतो, असे जुन्या संग्राहकांचे मत आहे. पुतण्याचे म्हणणे निराधार नव्हते, परंतु ते सरसकट सगळ्या नाण्यांना लावणे चुकीचे होते.

निर्णयाचे गणित साधे आहे. समजा, एका नाण्याला आज शंभर डॉलर येतात आणि एक पायरी वर गेल्यास दीडशे येतील. तपासणीचे शुल्क, टपाल आणि विमा मिळून साठ डॉलर लागत असतील, तर प्रत वाढूनही दहा डॉलरांचा तोटाच. उलट दुसऱ्या नाण्याला आज हजार आणि पुढच्या पायरीवर पाच हजार येत असतील, तर शंभर डॉलर खर्चून पाचांत एक संधी असली तरी ती घेण्याजोगी आहे. म्हणजे प्रश्न ‘प्रत वाढेल काय’ एवढाच नसून ‘वाढली तर किती फरक पडेल आणि न वाढली तर काय गमवावे लागेल’ हा आहे.

दादांच्या संग्रहात याची दोन्ही उदाहरणे होती. मॉर्गन डॉलर म्हणून ओळखले जाणारे चांदीचे नाणे अमेरिकेत १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली पाडले गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीचे १८८१चे डॉलर सव्वा कोटीहून अधिक निघाले, आणि त्यांतील सुस्थितीतले अजूनही विपुल आहेत. दादांकडे ६४ गुणांचे असे सहा होते. एका गुणाने पडणारा फरक शुल्कातच संपला असता. ते आहेत तसेच विकावयाचे ठरले. त्याच टाकसाळीच्या १८८४च्या डॉलरची कथा वेगळी. झिजलेले नाणे सहज मिळते, पण न वापरलेले अतिशय दुर्मीळ. त्यामुळे ५८ ओलांडून साठीत शिरले की किंमत अनेक पटींनी चढते. दादांचे नाणे नेमके ५८ गुणांचे होते.

येथे आम्ही एक पथ्य पाळले. आपल्या नाण्याविषयी आपली नजर नेहमीच मऊ असते. म्हणून ज्याला ते विकत घ्यावयाचे नव्हते अशा एका जाणकारास ते दाखवले. देवीच्या कानावरील केस आणि गरुडाची छाती या उंच भागांवर त्याने भिंग धरले आणि “झीज आहे की नाही, यावर दुमत होऊ शकेल” असे सांगितले. एवढा आधार पुरेसा होता.

पुतण्या डबी फोडून नाणे मोकळे पाठवावयास निघाला होता. त्याला मी थांबवले. डबी फुटली की तिच्यासोबतची हमीही गेली, आणि नाणे कमी गुणांनी परतले तर दाद कोणाकडे मागणार? डबीतच पाठवून, ‘प्रत वाढत असेल तरच उघडा’ असे सांगण्याची सोय असते. दुसऱ्या संस्थेकडे पाठवताना किमान किती गुण हवेत, हेही लिहून देता येते. आणखी एक मार्ग आहे. २००७ साली सुरू झालेली सी.ए.सी. ही संस्था डबीतील नाणे पाहून, ते दिलेल्या गुणांना पुरेपूर पात्र असल्यास हिरवी आणि गुण कमी पडले आहेत असे वाटल्यास सोनेरी चिकटपट्टी लावते. डबी न उघडता ग्राहकाची खात्री पटते. पी.सी.जी.एस.च्या अगदी सुरुवातीच्या लहान डबीतले एक नाणेही दादांकडे होते. कडक प्रतवारीच्या काळातली म्हणून या डब्यांना हौशी लोक अधिक मोल देतात. ती फोडणे म्हणजे आपणच आपले नुकसान करणे.

एक्केचाळीस नाण्यांपैकी शेवटी तीनच पाठवली. एकाची प्रत एका पायरीने वाढली आणि तिघांचाही खर्च निघाला. दुसरे आहे तसेच परतले. १८८४चा डॉलरही ५८वरच राहिला. पुतण्या हिरमुसला; पण जे हरले ते केवळ शुल्क होते, नाण्याची किंमत नव्हे.

आपल्या भारतातील घरांसाठी एक सूचना येथे करणे अगत्याचे आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठवता येत नाही. मग ते केवळ तपासून परत आणावयाचे असले तरी आधी कायदा पाहावा. आणि प्रत वाढवण्याच्या मोहाने नाणे कधीही घासू नये. काळवंडलेले नाणे पुढे चांगल्या प्रतीस चढू शकते. घासलेले नाणे पुन्हा न घासलेले होत नाही.

राहता राहिला आजीचा रुपया. दादांनी तोही एकदा प्रतवारीस पाठवला होता. तो गुणांशिवाय परत आला होता. चिठ्ठीवर लिहिले होते, ‘अस्सल, परंतु घासलेला’. तो दुसऱ्या संस्थेकडे पाठवून पाहू, असे पुतण्या म्हणाला. मी त्याला भिंगातून त्यावरच्या बारीक समांतर रेषा दाखवल्या आणि त्या कशाने पडल्या, ते सांगितले. चिंच, राख आणि आजीचा अंगठा. कोणत्याही परीक्षकाने पाहिले तरी त्या रेषा तेथेच असणार.

तो बराच वेळ भिंग घेऊन बसला. मग वहिनींनी डबी त्याच्या हातून घेतली आणि विकावयाच्या यादीतील ती ओळ खोडली. गेल्या दिवाळीत त्यांनी तो रुपया डबीसकट लक्ष्मीपूजनात मांडला होता. हळदकुंकू वाहिले; घासला मात्र नाही.