बेस गिटारचे पिकअप बदलायचे आहेत? मग ऊर्जानगरच्या जनित्राशी त्यांचं नातं आधी समजून घ्या!

ऊर्जानगर म्हटलं की तीन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स आणि अधूनमधून बातम्यांत झळकणारे वाघ-बिबटे. चंद्रपूरच्या या केंद्रात १९८३ पासून वीज बनते आणि आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. आता याचा बेस गिटारशी काय संबंध?

मंडळी, संबंध अगदी जवळचा आहे. इथल्या अजस्र जनित्रात जे घडतं, तेच बेसच्या तारांखाली बसवलेल्या बोटभर डबीत घडतं. आणि ॲम्प चालू केल्यावर कुणी काही वाजवायच्या आधीच जी 'हूंऽऽ' अशी घरघर सुरू होते ना, ती तर थेट या वीज केंद्रांचीच देणगी आहे!

ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या बँडमध्ये किंवा भीमगीतांच्या कार्यक्रमात वाजवणारी पोरं बहुतेक वेळा जुना, हातोहात फिरलेला बेस घेतात. त्यातून घरघर येते, आवाज दबका वाटतो, मग कुणीतरी सल्ला देतं, "पिकअप बदलून टाक." पिकअप काही शंभर-दोनशे रुपयांत येत नाहीत. एकदा डाग दिला की दुकानदार परतही घेत नाही. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी हे वाचाच.

डबीत असतं तरी काय?

एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. बस, एवढंच! मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलं की कॉइलजवळचं चुंबकीय क्षेत्र बदललं की कॉइलमध्ये वीज निर्माण होते. ऊर्जानगरच्या जनित्रात वाफेच्या जोरावर चुंबक फिरतो, मिनिटाला ३,००० वेळा. म्हणजे सेकंदाला ५० फेरे, आणि म्हणूनच आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. बेसमध्ये चुंबक जागचा हलत नाही, पोलादी तार थरथरते. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते आणि कॉइलमध्ये तेवढ्याच वेळा मागेपुढे होणारी इवलीशी वीज तयार होते. ॲम्प ती मोठी करून स्पीकरला देतो. (नायलॉनच्या तारा लावून असा पिकअप वाजत नाही, तो यामुळेच.)

आता गोम अशी की कॉइलला बेसची तार आणि परकं चुंबकीय क्षेत्र यातला फरक कळत नाही. जवळ ट्रान्सफॉर्मर असो, मंडपातली वायरिंग असो की लाइटचा डिमर, सगळ्यांचं ५० हर्ट्झचं गुणगुणणं ती इमानदारीत उचलते. जाड तारेवर तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं की जो सूर लागतो, तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे देशभरची वीज केंद्रं रात्रंदिवस जवळजवळ हाच एक सूर धरून बसली आहेत, तंबोऱ्यासारखी! ही घरघर बेसच्या सुरांच्या अगदी मधोमध बसते, म्हणून ॲम्पवरचा बटण फिरवून ती काढता येत नाही. काढायला गेलात तर बेसच निघून जाईल.

यावरचा उपाय रूढ झाला १९५० च्या दशकात. दोन कॉइल घ्यायच्या, एकीचे वेढे उलटे गुंडाळायचे आणि तिचा चुंबकही उलटा ठेवायचा. बाहेरची घरघर दोन्हींत उलटसुलट येते आणि एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटला गेल्यामुळे सुलटाच राहतो आणि त्याची बेरीज होते. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये असा पिकअप तयार केला, त्याला हम्बकर म्हणतात. लिओ फेंडरने १९५७ मध्ये हीच युक्ती आपल्या प्रिसिजन बेसवर वापरली. त्याने पिकअपचे दोन तुकडे केले, एक जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली. १९६० च्या जॅझ बेसवर दोन लांब, एकेरी पिकअप आले. जगभरातले बहुतेक स्वस्त बेस आजही या दोघांच्याच नकला आहेत, त्यामुळे तुमच्या हातातला बेसही यांपैकीच एक असण्याची दाट शक्यता आहे.

दोषी खरंच पिकअप आहे का?

आधी केबल बदलून बघा. मग तारा बदला. वर्षभर घाम प्यालेल्या तारांचा आवाज मेलेला असतो आणि शिव्या पिकअपला पडतात.

तरीही घरघर असेल तर बेस गळ्यात घालून जागच्या जागी गोल फिरा. फिरताना घरघर कमी-जास्त होत असेल तर ती एकेरी कॉइलची, म्हणजे चुंबकीय. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर ती वेगळी भानगड. तुमचं शरीर अँटेनासारखं आजूबाजूची विजेची कुरकुर गोळा करत असतं. हात लावला की ती तारांतून, ब्रिजखालच्या तारेतून ग्राउंडला निघून जाते. हे अगदी नॉर्मल आहे. पण हात लावूनही काहीच फरक पडत नसेल, तर ब्रिजखालची ती तार तुटलेली असू शकते. दहा मिनिटांचं काम आणि सोल्डरचा एक डाग!

कुरकुर फारच असेल तर पिकअपच्या खोबणीला आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला जोडतात. त्याने कुरकुर कमी होते, ५० हर्ट्झची चुंबकीय घरघर मात्र जात नाही. व्हिडिओत बघून पट्टी लावणाऱ्या अनेकांचा इथेच हिरमोड होतो. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल वापरायच्या फंदात पडू नका, तिच्यावर डाग बसत नाही.

शेवटची तपासणी मल्टिमीटरची. बेसला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या पिनचं टोक आणि बूड यांमधला रोध मोजा. प्रिसिजनचा पिकअप साधारण १० ते ११ किलोओहम दाखवतो, जॅझचा एकटा पिकअप ७ ते ८. जॅझमध्ये एकेक पिकअप मोजायचा तर दुसऱ्याचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. आकडा शंभरच्या वर गेला तर कॉइल किंवा तिची तार तुटली आहे, आता नवा पिकअप घ्याच. (बॅटरीवर चालणाऱ्या बेसला ही चाचणी लागू नाही.)

निवडताना आधी पट्टी हातात घ्या

आवाज नंतर, आधी माप! जॅझच्या मूळ मापात ब्रिजकडचा पिकअप मानेकडच्यापेक्षा दोनएक मिलिमीटर लांब असतो, पण स्वस्त बेसमध्ये पुष्कळदा दोन्ही सारखेच असतात. न मोजता जोडी मागवली की एक बसतो आणि दुसऱ्यासाठी लाकूड कोरावं लागतं. साबणाच्या वडीसारखे दिसणारे चौकोनी पिकअप तर आणखी वेगवेगळ्या मापांत येतात. ईएमजीच्या ३५ नंबरची लांबी सुमारे ८९ मिलिमीटर, ४० नंबरची १०२ आणि ४५ नंबरची ११४. लांबी, रुंदी, खोली आणि स्क्रूंमधलं अंतर कागदावर लिहून मगच ऑर्डर द्या.

आवाजाचं म्हणाल तर प्रिसिजन भरदार, जॅझ जरा खडा आणि स्पष्ट. जॅझच्या जोडीत एक पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले की घरघर गायब होते. एक कमी केला की पुन्हा हजर! मंडपात, लाइटच्या बोर्डाशेजारी उभं राहून वाजवायचं असेल तर जॅझच्याच मापात दोन कॉइलवाले 'नॉइजलेस' पिकअप मिळतात, ते घ्यावेत. त्यात वरची चमक थोडी कमी होते असं जाणकार म्हणतात, पण ढोलकी आणि कीबोर्ड सुरू झाल्यावर ते कुणाच्याही कानाला कळत नाही.

आणि जास्त किलोओहम म्हणजे जास्त दमदार आवाज, हा समज डोक्यातून काढून टाका. चुंबकाचा जोर, तारेची जाडी, कॉइलचा आकार, सगळंच त्यात येतं.

आता जोडणी

काहीही उखडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. मग तारा सैल करा. आत दोन किंवा तीन पॉट दिसतील. साध्या पिकअपला २५० किलोओहमचे पॉट लागतात. ईएमजीसारख्या बॅटरीवाल्या पिकअपला २५ किलोओहमचे. हे अदलाबदल केलेत तर आवाज एकतर दबतो किंवा बटण किंचित फिरवलं की एकदम बंद होतो. टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात '४७३' लिहिलेला मागा, तोच हा.

प्रिसिजनमध्ये पिकअपची गरम तार व्हॉल्यूम पॉटच्या कडेच्या पायावर येते आणि मधल्या पायावरून आवाज बाहेर जातो. जॅझमध्ये नेमकं उलटं असतं. पिकअप मधल्या पायावर, बाहेर जाणारी तार कडेच्या. असं केलं नाही तर एक व्हॉल्यूम बंद करताच दुसरा पिकअपही गप्प होतो. प्रिसिजनची आकृती बघून जॅझ जोडला की बेस 'बिघडतो', तो असा.

तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. सिमोर डंकनच्या चार तारांच्या हम्बकरमध्ये काळी तार गरम असते आणि हिरवी ग्राउंडला जाते. डिमार्झिओमध्ये लाल गरम आणि काळी-पांढरी एकमेकींना जोडायची असते! कंपनीची स्वतःची आकृती बघा. दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र लावले आणि दोन्ही व्हॉल्यूम उघडताच आवाज पातळ, पत्र्यासारखा झाला, तर ते एकमेकांच्या उलट जोडले गेलेत. एकाच्या दोन तारा अदलाबदल केल्या की काम झालं.

सोल्डरिंगला राळेचा फ्लक्स वापरा, नळकामाचा ॲसिडवाला नको, तो तारा खातो. पॉटच्या पाठीला उष्णता जास्त लागते, तिथे २५ वॉटचं आयर्न कमी पडतं.

सगळं बसलं की शेवटची पट्टी दाबून धरा आणि तार व पिकअप यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा. जास्त जवळ आणलात तर चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर डगमगतो.

आणि ती ब्रिजखालची तार

वर जिने घरघर कमी केली, तीच तार तुम्हाला थेट ॲम्पच्या अर्थिंगशी जोडत असते. अर्थिंग चांगलं असेल तर प्रश्नच नाही. पण ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कुणी मोडून ठेवली असेल आणि माइक वेगळ्या बोर्डावर असेल, तर एक हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी वीज शरीरातून जाऊ शकते. १९७२ मध्ये स्वान्सी इथे स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. ईएमजी तर आपल्या बॅटरीवाल्या पिकअपसोबत ही तार काढायलाच सांगते, कारण त्यांना तिची गरज पडत नाही.

चंद्रपुरात लग्नसराईत पारा ४५ अंशांपुढे जातो, जमीन कोरडी ठाक पडते आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग कमजोर होतं. म्हणूनच अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततात. मंडपवाल्याला ते विचारा, बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का तेही विचारा. माइकला ओठ लागताच झिणझिण्या आल्या तर बेस खाली ठेवा आणि मेन बंद करायला लावा. तो दोष पिकअपचा असूच शकत नाही. साधा पिकअप जेमतेम व्होल्टच्या काही भागाइतकीच वीज देतो, तेवढ्याने मुंगीसुद्धा दचकणार नाही.