आटे पाडण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कविता करणाऱ्या माणसाला रेडिओवर बोलावलं, की तो कवितेवरच बोलणार असं सगळे धरून चालतात. मी आज बोलणार आहे लोखंडावरच्या एका ओरखड्याविषयी.

आमचं घराणं शिकलगारांचं. 'सैकल' म्हणजे धातू घासून लखलखीत करणं, त्यावरून शिकलगार. तलवारींना पाणी, सुऱ्यांना धार, बंदुकांच्या नळ्यांची सफाई हा पिढीजात धंदा. शस्त्रांचे दिवस सरले, तेव्हा मिरजेतल्या काही शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात भोपळा हाती घेतला. ते सतारमेकर झाले आणि जगभर गेले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या शाखेच्या नशिबी मात्र लोखंडच राहिलं.

सांगलीहून मिरजेला निघालं की वाटेत विश्रामबाग लागतं. १९४७ साली सुरू झालेलं आणि पुढे वालचंदांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलेलं अभियांत्रिकी महाविद्यालय इथलंच. त्याच्या पलीकडे रस्त्याकडेला माझ्या चाचांचं छोटं वर्कशॉप होतं. बटाल्याचा एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि दोन व्हाइस, एवढाच पसारा. महाविद्यालयातली मुलं पुस्तकात वाचत ते चाचांच्या बोटांत होतं. चाचा चौथी शिकलेले आणि मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. साल १९९०. सकाळी कॉलेज, दुपारी लेथ.

एप्रिल महिना होता. तासगावकडच्या एका शेतकऱ्याच्या पंपाचा शाफ्ट मोडला होता. द्राक्षबागेची छाटणी झालेली, पाण्याची पाळी आलेली आणि माणूस बाकावर बसून होता. शाफ्टच्या टोकाला इम्पेलरचा नट बसतो. तिथला व्यास वीस मिलिमीटर आणि आटे दीड मिलिमीटर पिचचे. मी व्यास बरोबर आणला आणि खुशीत कॅरेज मागे फिरवलं. टूल आधी बाहेर घ्यायचं असतं, ते विसरलो. टूल शाफ्टमध्ये रुतलं आणि गोल खाच पडली. घाबरून टूल ओढलं तर वर एक उभा ओरखडाही निघाला.

मी कानस उचलली. चाचांनी ती हातातून काढून घेतली. "आधी बघ. हात मग."

मला वाटतं, त्या दुपारी शिकलो ते सगळं या चार शब्दांत होतं. पण रेडिओवर एवढ्यावर भागत नाही, म्हणून उलगडून सांगतो.

टूल रुतलं की दोन गोष्टी होतात. धातू कापला जाऊन खड्डा पडतो आणि थोडा धातू बाजूला ढकलला जाऊन वर येतो. खड्डा डोळ्याला दिसतो. वर आलेली कड दिसत नाही, नखाला लागते. खरा उपद्रव या कडेचा, कारण नट अडतो तो तिच्यावर. चाचांनी तेल लावलेला बारीक दगड घेऊन तेवढीच कड अलगद उतरवली. कानस मारली असती तर खड्ड्याच्या दोन्ही बाजू घासल्या जाऊन शाफ्टचा गोलावाच गेला असता. लोखंड काढता येतं, परत चिकटवता येत नाही.

मग खोली मोजायची. मायक्रोमीटरची तोंडं सपाट, ती अरुंद खाचेत उतरत नाहीत. चाचांनी मशीन बंद ठेवून टूलचं टोक आधी चांगल्या पृष्ठभागाला टेकवलं, डायलवरचा आकडा पाहिला आणि मग खाचेच्या तळाला टेकवून पुन्हा आकडा पाहिला. खाच निघाली पाव मिलिमीटरहून थोडी जास्त. उभा ओरखडा जेमतेम केसाएवढा.

पुढचा हिशोब मजेशीर आहे. दीड मिलिमीटर पिचचा आटा सुमारे ०.९२ मिलिमीटर खोल कापला जातो. म्हणजे आपली खाच आट्याच्या एक तृतीयांशही खोल नाही. आटे जिथे पडणार तिथलं बरंचसं लोखंड किस होऊन खाली पडणारच असतं. खाच शाफ्टभोवती गोल, आटा मात्र तिरका चढत जाणारा. त्यामुळे गोल खाच आट्याच्या माथ्याला एका फेरीत एकदाच छेदते. तेवढ्या ठिकाणी माथा थोडा बसका राहतो, नटाला त्याचा पत्ताही लागत नाही. उभा ओरखडा दिसायला किरकोळ, पण तो प्रत्येक आट्याचा माथा कापत जातो आणि प्रत्येक माथ्यावर बारीक कड सोडतो. त्यामुळे किरकोळ दिसणाऱ्याचाच बंदोबस्त आधी करावा लागतो.

त्यासाठी थोडी सवलत असते. वीस मिलिमीटरच्या आट्याचा बाहेरचा व्यास बरोबर वीस नसतोच. नेहमीच्या कामाला तो सुमारे १९.७३ ते १९.९७ यांमध्ये चालतो. चाचांनी शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरला, डायल गेज लावून तो डुलत नाही ना हे पाहिलं आणि हलका कट घेऊन व्यास १९.८५ वर आणला. उभा ओरखडा नाहीसा झाला. गोल खाचेची सावली तेवढी उरली.

"वेल्डिंगने भरलं असतं तर?" मी विचारलं. चाचा हसले. असल्या पोलादावर वेल्डिंगचा टाका मारला की शाफ्ट उष्णतेने वाकतो आणि टाक्याशेजारचा धातू इतका कडक होतो की आटे पाडताना टूलचं टोकच उडतं.

खाच खांद्याच्या कोपऱ्यात, म्हणजे जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो तिथे पडली असती, तर मात्र चाचांनी तो शाफ्ट फेकून दिला असता. फिरणारा शाफ्ट फेरीगणिक ताणला-दाबला जातो आणि चीर नेहमी तीक्ष्ण कोपऱ्यातून सुरू होते. म्हणून आटे जिथे संपतात तिथे ते गोल टोकाच्या टूलने उथळ चर पाडत.

हे चालू असतानाच एक ओळखीचे गृहस्थ पोत्यात गुंडाळून काहीतरी घेऊन आले. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुकीची नळी. तिचं मागचं तोंड आट्यांच्या बुचाने बंद असतं. कुणीतरी पाइप-पाना लावून ते उघडलं होतं. नळीवर दातांचे ओरबाडे उठले होते आणि आटे गेले होते. "ओरबाडे घासून द्या आणि नवे आटे पाडा," एवढंच त्यांचं म्हणणं.

चाचांनी नळी हातातही घेतली नाही. आजोबांचा धंदाच तो, त्यामुळे मला नवल वाटलं. त्यांनी शाफ्टकडे बोट दाखवून समजावलं. इथे आटा फसला तर पाणी थांबेल. तिथे फसला तर बूच मागे उडेल, आणि मागे बंदूकवाल्याचं तोंड असतं. नळीचं भोक बाहेरच्या गोलाव्याच्या अगदी मध्यावर असेलच असं नसतं, त्यामुळे आटे भोकाच्या रेषेत धरावे लागतात. ओरबाडे घासले की भिंत पातळ होते, आणि वर आट्यांची खोली वजा. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. ते काम परवानाधारक बंदूकवाल्याचंच.

गृहस्थ म्हणाले, "कोण बघतंय?"

चाचा म्हणाले, "कुणी बघितलं तर आधी आमचं आडनाव बघतील, साहेब." ते चिडून बोलले नाहीत. पोतं बांधायला त्यांनी स्वतः सुतळी दिली. मी तेव्हा वीस वर्षांचा. त्या वाक्यावर बऱ्याच कविता लिहिल्या आणि सगळ्या फाडल्या.

जाता जाता एक सांगतो. आट्यांना पहिलं सर्वमान्य माप सुचवलं इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी, १८४१ साली. कोन ५५ अंशांचा. आपला मेट्रिक आटा ६० अंशांचा. याच व्हिटवर्थनी पुढे षटकोनी भोकाची रायफलही केली. पंप आणि बंदूक यांचं नातं तसं जुनंच.

संध्याकाळी चाचांनी आटे पाडले. पहिल्या हलक्या कटानंतर पिच-गेज लावून पाहिलं, मग थोडं थोडं खोल जात राहिले. शेवटी ब्रशने किस झाडून नट माझ्या हातात दिला. तो बोटांनीच खांद्यापर्यंत गेला. एका जागी मात्र अगदी किंचित खरखर लागली. मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी त्या जागी दगड दोनदा फिरवला, शाफ्ट तेलाच्या फडक्यात गुंडाळला आणि बाकावरच्या माणसाला उठवलं. त्याला डुलकी लागली होती.