अर्ध्या तासात मिटणारं भांडण



दर वेळी आपण या कार्यक्रमात बचत, व्याज, विमा, रेशनकार्ड असं काहीतरी कामाचं बोलतो. आज टीव्हीवरच्या जुन्या विनोदी मालिकांबद्दल बोलायचं ठरवलंय. गटांच्या बैठका घेत गावोगाव फिरताना आमच्या एक लक्षात आलं. हप्त्यांचा हिशोब झाला, इतिवृत्तावर सह्या-अंगठे झाले, की चहा उकळेपर्यंत ज्या गप्पा निघतात, त्यात चिमणराव, वागळे, 'हम पांच', टिपरे ही नावं हमखास येतात. 'रामायण'ची आठवण सांगताना बायकांचा आवाज हळू होतो, हात जोडले जातात. या मालिकांची आठवण सांगताना त्या आधी हसतात आणि मग सांगतात. वीस-तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं हसू अजून टिकलंय, तर त्याच्यामागे काहीतरी कारण असणार. ते आज जरा उलगडून बघू.

टीव्ही आपल्याकडे आला कसा, तिथून सुरुवात करू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून तेच कार्यक्रम पुणे भागात दिसायला लागले. पण आपला मुळशी तालुका पडला डोंगरातला. पिरंगुट-पौडच्या बाजूला चित्र बरं यायचं, आणि डोंगराआडच्या वाडीत नुसत्या मुंग्या. कौलांवर चढून एकानं अँटेना फिरवायची, दुसऱ्यानं दारात उभं राहून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" हा खेळ आमच्या पिढीनंही पाहिलाय.

जाता जाता एक सांगतो. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरात १९२७ पासून वीज करतंय, आणि ती वीज गेली मुंबईला. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांच्या वाड्यांवर दिवा लागायला पुढे कित्येक वर्षं लागली. म्हणून काही ठिकाणी पहिला टीव्ही चालला तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. मुंबईचे चिमणराव आपल्याकडे पोचले ते असे.

हे चिमणराव मुळात पुस्तकातले. चिं. वि. जोशी हे बडोद्याला पाली भाषा शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी चिमणराव हा साधा, घाबरट, पण स्वतःला फार हुशार समजणारा कारकून लिहिला. सोबत त्याचा मावसभाऊ गुंड्याभाऊ, अंगानं दांडगा आणि स्वभावानं भोळा. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शननं त्यावर मालिका केली. दिलीप प्रभावळकर झाले चिमणराव आणि बाळ कर्वे झाले गुंड्याभाऊ. ती इतकी चालली की १९७९ साली त्यावर चित्रपटही निघाला. आमच्या गटांतल्या ज्या आजींनी ती तेव्हा पाहिली, त्यांना गोष्टी फारशा आठवत नाहीत. चिमणरावांची टोपी आठवते, गुंड्याभाऊंच्या मिशा आठवतात, आणि नवऱ्याच्या फुशारक्या मुकाट ऐकून घेणारी काऊ आठवते.

आजी अजून एक गोष्ट सांगतात, ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. गावात टीव्ही एखाद्याच घरी, बहुतेक गुरुजींच्या नाहीतर मुंबईला नोकरीला असलेल्या कुणाच्या तरी. पुढे पोरं मांडी घालून, मागे बाप्ये, आणि बायका उंबऱ्याच्या बाहेर, डोक्यावर पदर घेऊन. हातात निवडायचं सूप नाहीतर कडेवर लेकरू. नुसतं बसलेलं कुणाला दिसायचं नाही म्हणून काम हातात ठेवायचं. देवाची मालिका असली तर बाईनं बसलेलं चालायचं, पुण्यच लागायचं! हसायची मालिका बघायला मात्र निमित्त लागायचं. एक आजी म्हणाल्या, "हासू आलं की पदर तोंडाला लावायचा. सासरा म्होरं बसलेला." आठवड्यातून एकदा, अर्धा तास, पदराआडून का होईना, गल्लीतल्या सगळ्या बायका एका वेळी हसत होत्या. शेतात, पाणवठ्यावर हसत असतीलच. पण चार भिंतींच्या आत, पुरुषांच्या देखत, एकाच गोष्टीवर सगळ्यांनी मिळून हसणं हे अनेकींना त्या आधी माहीत नव्हतं.

आता या मालिकांची बांधणी कशी असते ते बघू. आपल्याला विरजण लावणं माहीत आहे. दूध रोज नवं, विरजण मात्र कालच्याच दह्याचं. तसंच इथं. घर तेच, माणसं तीच, त्यांच्या खोडीही त्याच. दर आठवड्याला नवी येते ती फक्त एक अडचण. कधी पाहुणा येतो, कधी पाकीट हरवतं, कधी साहेब जेवायला येणार असतात. घरातला प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे ती अडचण वाढवून ठेवतो आणि शेवटी सगळं होतं तसं जागेवर येतं. १९८४ साली 'ये जो है जिंदगी' नावाची हिंदी मालिका आली, तिच्यात हे स्पष्ट दिसतं. शफी इनामदार आणि स्वरूप संपत हे नवरा-बायको, राकेश बेदी हा बायकोचा भाऊ. ही घरची माणसं कायम. सतीश शाह मात्र दर भागात वेगळा माणूस होऊन यायचे. आज कोण होऊन येणार, एवढ्यासाठी लोक वाट बघायचे.

माणसं बदलत नाहीत म्हणून ती आपल्या ओळखीची होतात. पुढे काय होणार हे आपल्याला आधीच कळतं आणि खरं हसू तिथंच येतं. गुंड्याभाऊ बाह्या सरसावून पुढे निघाले, की आता काहीतरी मोडणार हे उंबऱ्याबाहेरच्या बाईलाही कळायचं. तिला अक्षरओळख असो वा नसो.

दुसरं, हसायचं कुणाला? आम्ही जेवढ्या जुन्या मालिका आठवून पाहिल्या, त्यातल्या चांगल्या मालिकांमध्ये फजिती व्हायची ती बहुतेक घरच्या कर्त्या पुरुषाची. १९८८ सालची 'वागले की दुनिया' घ्या. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला हा मध्यमवर्गी माणूस. अंजन श्रीवास्तव वागळे झाले होते आणि भारती आचरेकर त्यांच्या बायको. वागळे बाहेर सगळ्यांना भितात, घरी येऊन रुबाब करायला बघतात, आणि बायकोला ते सगळं दिसत असतं. पगार, घरखर्च, मुलांचं शिक्षण, स्कूटर, एवढ्यावरच मालिका चालायची. पैसा कमी आहे हे लपवायची त्यात कुणाला गरज वाटत नव्हती. शहरातली का असेना, ती ओढाताण आपल्या ओळखीची होती. २०२१ मध्ये ही मालिका नव्या पिढीची म्हणून परत आली, तेव्हा हेच दोघं त्यात आजी-आजोबा झाले.

प्रिया तेंडुलकरांबद्दल तर वेगळं बोलायला हवं. १९८५ साली त्या 'रजनी' झाल्या. ती काही निव्वळ विनोदी मालिका नव्हती, पण हलकीफुलकी होती. रजनी ही साधी गृहिणी. गॅस सिलिंडरवाला फसवतो, कचेरीतला माणूस दाद देत नाही, अशा ठिकाणी ती पदर खोचून उभी राहायची. दहा वर्षांनी, १९९५ मध्ये 'हम पांच' आली. अशोक सराफ हे पाच मुलींचे वडील. पहिली बायको वारलेली, तिचा फोटो भिंतीवर, आणि तो फोटो नवऱ्याशी बोलतो! त्या फोटोतल्या बाई म्हणजे याच प्रिया तेंडुलकर. मेल्यावरही नवऱ्याची हजेरी घेणं सोडलं नाही, म्हणून आमच्या आया पोट धरून हसायच्या. आम्ही तेव्हा शाळेत होतो. केबल असलेल्या घरी जाऊन बघायचो, आणि आपल्यापैकी कोण काजलभाई यावरून भांडायचो. पाच मुली असलेलं घर, आणि ते घर रडत बसलेलं नाही. त्या काळी ज्या घरी तिसरी मुलगी झाली की पेढ्याचं नाव निघत नसे, तिथल्या पोरींना हे बघून काय वाटलं असेल, ते आम्ही सांगू शकतो. आमच्यातल्या दोघी त्या घरच्याच आहेत.

म्हणून त्या मालिका सगळ्याच धुतल्या तांदळासारख्या होत्या असं समजू नका. 'हम पांच'मध्येच एका मुलीला कमी ऐकू येतं, यावर किती विनोद केलेत! आमच्या एका गटात कानाला यंत्र लावणारी मैत्रीण आहे, तिला ते कधीच हसू आलं नाही. 'श्रीमान श्रीमती'त शेजाऱ्याचा डोळा दुसऱ्याच्या बायकोवर, हाच सगळा विनोद. लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, दूरदर्शननं ती परत दाखवली तेव्हा पोरीबाळींबरोबर बसून बघताना मध्येच उठावंसं वाटलं. रीमा लागूंचं काम मात्र तेव्हाही आवडलं होतं, आताही आवडलं.

याच रीमाताई 'तू तू मैं मैं'मध्ये सासू होत्या आणि सुप्रिया पिळगांवकर सून. दिग्दर्शन सचिन पिळगांवकर यांचं. दोघी तोडीस तोड भांडायच्या. पण कुणी कुणाच्या दुधात काही कालवलं नाही की कुणी कुणाला घराबाहेर काढण्याचे कट केले नाहीत. भाग संपताना दोघी एकाच स्वयंपाकघरात. मग जुलै २००० मध्ये 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली आणि टीव्हीवरच्या घराचा रंगच बदलला. सासू-सून त्याच, पण कट, विष, खोटं मरण, जड दागिने.

हा फरक का पडला, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. जुनी विनोदी मालिका आठवड्यातून एकदा लागायची. सात दिवस कुणी भांडण लक्षात ठेवणार नाही, म्हणून ते त्याच अर्ध्या तासात मिटवायलाच लागायचं. रोजच्या मालिकेचं उलटं असतं. आज भांडण मिटलं तर उद्या काय दाखवणार? मग ते मिटू द्यायचं नाही. संशय वाढवायचा, दार उघडताना थांबायचं, जाहिरात लावायची. म्हणजे लिहिणाऱ्यांची मनं बिघडली असं काही नाही, धंद्याचं गणितच तसं बसवलेलं आहे. पण रोज रात्री तेच बघून बघून, सासू म्हटली की कट करणारच आणि सून म्हटली की रडणारच, असं घराघरात मुरलं. गटात कर्जाच्या अर्जावर सासू आणि सून दोघींच्या सह्या घेताना आम्हाला ते जाणवतं.

त्याच सुमाराला मराठीत एक चांगलं उदाहरण झालं. नोव्हेंबर २००१ मध्ये अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली. दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावरची, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली. चिमणराव झालेले प्रभावळकर इथं आबा, म्हणजे आजोबा झाले. मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. शुभांगी गोखल्यांची श्यामला चिडायची, कातावायची आणि तरी सासऱ्यांशी मोकळेपणानं बोलायची. आमच्या पिढीच्या अनेकींनी लग्नाआधी जे सासर मनात रंगवलं, ते टिपऱ्यांचं होतं. मिळालं कुणाला, हा विषय पुन्हा कधीतरी!

एक गोष्ट मात्र या सगळ्या मालिकांत सापडली नाही. ती म्हणजे आपलं घर. वाडा पुण्यातला, चाळ आणि फ्लॅट मुंबईतले. गावाकडची बाई आली तर बहुतेक मोलकरीण म्हणून, आणि ती आपल्या बोलीत बोलली की तेवढ्यानंच हशा. भाताच्या खाचरात लावणी करणारी, दुधाची बरणी घेऊन डेअरीला जाणारी, हिंजवडीला कंपनीत साफसफाईच्या पाळीला जाणारी बाई त्या घरांत नव्हती. तिच्या दिवसात काय कमी गमती आहेत?

म्हणून आम्ही ठरवलंय, आपल्याच रेडिओवर दहा मिनिटांची नाटिका करायची. बांधणी जुन्या मालिकांची, घर आपलं. कायमची माणसं पाचच ठेवली आहेत: सासू, सून, नवरा, शाळेत जाणारी मुलगी, आणि कायम साखर मागायला येणारी शेजारीण. पहिल्या भागाची अडचण अशी, की गटाच्या बैठकीला घरून हप्त्याचे पैसे निघाले, पण बैठकीपर्यंत पोचलेच नाहीत. चोर कुणी नाही. ज्यानं त्यानं ते आपापल्या परीनं 'जपून' ठेवलेत. नियम तीनच केलेत. कुणाच्या अंगाला, रंगाला, व्यंगाला हसायचं नाही. बोली आपलीच राहील, पण हसू बोलीवर नको. आणि दहाव्या मिनिटाला भांडण मिटलंच पाहिजे.

ज्या गटाला पुढचा भाग लिहायचा असेल, त्यांनी आपल्या घरातली एखादी अडचण चार ओळींत लिहून मासिक बैठकीत आमच्याकडे द्यावी. लिहिता येत नसेल तर फोनवर बोलून पाठवावी, आम्ही उतरवून घेऊ. नाव बदलून घेऊच. सासूच्या भूमिकेसाठी चार सुना तयार आहेत, सुनेच्या भूमिकेसाठी एक सासूबाई हट्ट धरून बसल्यात. नवऱ्याचा आवाज काढायला मात्र अजून कुणी पुढे आलेलं नाही.