धारेचा हात कोणता?

गेल्या वर्षी श्रावणात आई गोठ्यात घसरली. शेणाने ओली झालेली फरशी, हातात वैरणीची पेंढी. तोल गेला आणि उजवा हात अंगाखाली सापडला. मनगटाचे हाड मोडले. तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी हाड बसवून प्लास्टर घातले, सहा आठवड्यांनी काढले. इथवर सगळे रीतसर झाले. त्यानंतरचे तीन आठवडे मात्र आम्ही वाया घालवले, आणि त्यात आईचा हात जवळजवळ कायमचा आखडायची वेळ आली होती.

शेतीच्या पानावर मनगटाचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण शेतकरी बंधू-भगिनींनो, सोळा लिटरचा फवारणी पंप पाण्यासकट वीस किलोच्या वर जातो. युरियाचे पोते २०१८ पासून पंचेचाळीस किलोचे झाले, तरी बाकी बरीच पोती पन्नासचीच आहेत. हे सगळे उचलते कोण? आपली पाठ, आपला खांदा, आपले गुडघे. गावात कंबरदुखी नसलेले घर दाखवा. तरीही फिजिओथेरपी म्हणजे काय, हे आपल्याकडे अजून ‘शेक देतात ते’ एवढ्यावरच थांबलेले आहे.

खरे तर ही विद्या आपल्याकडे आली त्याला सत्तर वर्षे होऊन गेली. १९५२ साली मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. पोरांचे हातपाय लुळे पडले. त्यातून १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे देशातले पहिले विद्यालय निघाले. म्हणजे सुरुवातच मुळी औषधाने न भागणाऱ्या दुखण्यापासून झाली. या उपचारात डॉक्टर जे करतो त्यापेक्षा रुग्ण घरी जाऊन जे करतो त्याला मोल जास्त. फिजिओथेरपिस्टचे निम्मे काम हे शिकवण्याचे आहे. आणि शिकवणे कसे जमते, कधी जमत नाही, हे मी आईच्या हातावर पाहिले.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि एका दवाखान्यात पाठवले. तिथे एक तरुण मुलगी होती, नुकतीच पदवी घेऊन आलेली. अतिशय मनापासून काम करणारी. तिने आईला हाड कुठे मोडले, सांधा कसा असतो, स्नायू का आखडतात, हे सगळे भिंतीवरच्या चित्रावर दाखवले. मग सहा व्यायाम करून दाखवले. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीनदा. छापील कागद हातात दिला. “दुखलं की थांबा हं आजी,” असेही सांगितले. बाहेर रुग्णांची रांग लागलेली. आईने सगळ्याला मान डोलावली.

घरी येऊन तो कागद दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकवला. आईने पहिल्या दिवशी मनगट वाकवले, कळ आली, थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. “ती पोरगीच म्हणाली न्हवं, दुखलं की थांबा म्हणून?” असे म्हणून तिने हात पदरात धरून ठेवला. आम्हीही म्हणालो, हाड नुकतेच जुळले आहे, कशाला ताण द्या. तीन आठवड्यांत बोटे सुजली, मूठ अर्धीच मिटू लागली, मनगट लाकडासारखे. धार काढायला बसली तर म्हैस पान्हा चोरायला लागली.

ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांच्यासाठी सांगतो. म्हैस पान्हवली की पाच-सात मिनिटांत धार उरकावी लागते. त्यानंतर पान्ह्याचा जोर ओसरतो आणि दूध कासेतच राहते. दुखऱ्या हाताने रेंगाळत काढलेली धार म्हणजे दूध कमी आणि कासेला दगडी होण्याचे भय. आमची पंढरपुरी म्हैस आईशिवाय कोणाला हात लावू देत नाही. डेअरीच्या पुस्तकात सकाळच्या रतिबात लिटर-सव्वा लिटरची तूट दिसू लागली, तेव्हा घरातल्यांनी हाताचे दुखणे मनावर घेतले. आपल्याकडे असेच असते, माणसाच्या दुखण्याचा हिशेब जनावराच्या वहीत आधी उमटतो.

मग जिल्ह्याच्या ठिकाणी एका ज्येष्ठ बाईंकडे गेलो. वीस-बावीस वर्षे हेच काम करत असाव्यात. त्यांनी आईचा हात हातात घेतला, उलटा-पालटा करून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “मावशी, तुमचा धारेचा हात कोणता?”

आई एकदम बोलती झाली. म्हैस किती दूध देते, सकाळी किती वाजता बसता, मूठ आवळून काढता की अंगठा दुमडून, सडाला तूप लावता का, घरात दुसरे कोण आहे. मला वाटले बाई गप्पाच मारतायत. पण दहा मिनिटांत त्यांना आईचा दिवस कळला होता. कुठल्या वेळी हात मोकळा असतो, कुठल्या वेळी कोणी बघायला असते, आणि व्यायाम नेमका कशाला हवाय.

नंतर त्यांनी आईला एक गोष्ट करायला लावली. वाचकांनीही आत्ता करून पाहावी. मनगट खाली वाकवून मूठ घट्ट आवळा. आवळत नाही. आता मनगट थोडे वर उचलून आवळा. लगेच जोर येतो. “तुमची मूठ बिघडलेली नाही मावशी, मनगट वर येत नाही म्हणून मूठ लागत नाही. आधी मनगट वर आणू, मूठ आपोआप येईल.” चित्र नाही, स्नायूंची नावे नाहीत. आईला तिच्या हातातच कळले.

व्यायाम त्यांनी सहाचे तीन केले. कोमट पाण्याच्या पातेल्यात फडका घालून पिळायचा, सकाळी चहा झाल्यावर. कोपर अंगाला चिकटवून मुठीत लाटणे धरायचे आणि डावी-उजवीकडे फिरवायचे, दुपारी. आणि चुलीपुढे बसल्यावर, भाकरी तव्यावर असेपर्यंत, पंजा पाटावर टेकवून मनगटावर हळूहळू भार द्यायचा. सूज आहे तोवर बसताना-निजताना हात उशीवर उंच ठेवायचा. दोन आठवडे धारेला वहिनीने बसायचे, आई शेजारी. मग आईने एका सडापासून सुरुवात करायची.

आणि शेवटी म्हणाल्या, “आता घरी गेल्यावर सुनेला काय सांगणार, ते मला सांगा बघू.”

आईने सगळे बरोबर सांगितले आणि शेवटी म्हणाली, “दुखलं की थांबायचं.”

बाई हसल्या. अडलेले घोडे तिथेच होते. त्यांनी समजावले, आखडलेला सांधा हलवला की ताण बसल्यासारखे दुखणारच. ते दुखणे थोड्या वेळात उतरत असेल तर घाबरायचे नाही. रात्रभर ठणका लागला, दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली, तर जोर कमी करायचा. हात लाल-निळसर, तापल्यासारखा, घामेजलेला वाटू लागला, बोटांना मुंग्या आल्या तर वाट न बघता दाखवायला यायचे. तरुण मुलीने सांगितलेले वाक्य काही चूक नव्हते. ते आईने कसे ऐकले, हे तिने विचारले नव्हते एवढेच.

यात मुलीला दोष देण्यासारखे काही नाही असे माझे मत आहे. माणूस नवा असतो तेव्हा त्याचे सगळे लक्ष आपले काम बरोबर होतेय का याकडे असते. व्यायाम सांगताना काही राहून तर गेले नाही ना, पुढचा रुग्ण ताटकळतोय का. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायला मनात जागाच उरत नाही. वर्षे गेली की हाताचे काम हाताला येते, आणि डोळे-कान मोकळे होतात. अमेरिकेत गेल जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवे आणि मुरलेले फिजिओथेरपिस्ट प्रत्यक्ष काम करताना पाहून १९९२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुरलेल्यांचे वेगळेपण त्यांनी ज्या गोष्टींत मांडले, त्यांत रुग्णाशी होणारे नेमके बोलणे आणि हावभाव होते, आणि शिकवण्याला त्यांच्या लेखी असलेले महत्त्वही होते. नेदरलँडच्या रॉय केसेल्स यांच्या २००३ च्या लेखात तर असे आहे की दवाखान्यात सांगितलेल्यातले ४० ते ८० टक्के माणूस लगेचच विसरतो. आई एकटी नव्हे तर.

मी बाईंना विचारले, हे सगळे कॉलेजात शिकवतात का? त्या म्हणाल्या, “कॉलेजात शिकवतात, पण मला एका ऊसतोड्याने शिकवलं.” नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कमरेचे दुखणे घेऊन एक मजूर आला होता. यांनी ओझे न उचलण्याचे, तीन आठवडे विश्रांतीचे सांगितले. तो म्हणाला, “बाई, मुकादमाची उचल घेतलीय. इसरांती कोन देनार?” आणि निघून गेला, परत आला नाही. “उचल घेतलेल्या माणसाला मी विश्रांती सांगत होते. त्या दिवसापासून आधी विचारते, उद्या सकाळी काय काम आहे.” पुढे आलेल्या तोडकऱ्यांना त्यांनी मोळी अंगाजवळ धरून, गुडघ्यात वाकून उचलायला आणि उचलताना कंबरेतून न वळता पाय वळवायला शिकवले. मोळी थोडी लहान बांधायला सांगितले. काम सोडायला सांगितले नाही.

हे ऐकताना मला माझेच दिवस आठवले. पदविका घेऊन खात्यात लागलो तेव्हा खरिपाआधी गावोगाव फिरून सोयाबीनची उगवणशक्ती तपासा म्हणून पत्रके वाटली. पत्रकात सगळे होते. सत्तर टक्के उगवण असेल तर हेक्टरी पंचाहत्तर किलो बियाणे, बुरशीनाशक आधी, रायझोबियम नंतर. लोक मान डोलवत. मला वाटे, झाले काम. मग २०२० चा खरीप आला. राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग पडला. माझ्याही गावात मोड आली. एक म्हातारा शेतकरी पत्रकाची घडी तशीच काढून दाखवत म्हणाला, “साहेब, कागद जपून ठेवलाय.” आता मी पत्रक शेवटी देतो. आधी चावडीवर गोणपाट ओले करून त्यांच्याच घरचे शंभर दाणे त्यांच्याच हाताने मांडायला लावतो. पाच-सहा दिवसांनी परत जातो आणि मोड आलेले दाणे त्यांनाच मोजू देतो.

पण नुसती वर्षे भरली म्हणजे शहाणपण येते असेही नाही. वीस वर्षे तेच वाक्य बोलणारे आमच्या खात्यातही आहेत आणि दवाखान्यांतही असतील. अनुभवाचा एक तोटा असा की समोरचा बोलायच्या आधीच आपल्याला उत्तर माहीत असते. लिंडा रेस्निक आणि जेन्सन यांच्या २००३ च्या अभ्यासात ज्यांचे रुग्ण खरोखर चांगले सुधारले असे फिजिओथेरपिस्ट निवडले होते. ते नोकरीच्या वर्षांवरून वेगळे काढता येईनात. काहींची तर वर्षे कमीच होती. रुग्णाला बरोबर घेऊन काम करणे, त्याला स्वतःचे स्वतः सांभाळता येईल असे शिकवणे, हा धागा मात्र त्यांच्यात सारखा होता. ऊसतोड्या परत आला नाही, हे त्या बाईंनी मनाला लावून घेतले. दुसऱ्या कोणी ‘ऐकत नाहीत हे लोक’ म्हणून सोडून दिले असते. दोघांचाही अनुभव एक दिवसानेच वाढला असता.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना आणि आशाताईंना एक विनंती. गावात कोणाचे प्लास्टर निघाले, कोणाला लकवा होऊन गेला, कोणाचा खांदा आखडला, तर घरी गेल्यावर ‘व्यायाम करता का’ असे विचारू नका. हो असेच उत्तर येते. ‘करून दाखवा’ म्हणा. चुकत असेल तर तिथेच दिसते, आणि करतच नसतील तर तेही दिसते. प्लास्टर असतानाही बोटे, कोपर, खांदा हलता ठेवायचा असतो, हे डॉक्टरांना विचारून घरच्यांच्या कानावर घाला. आम्हाला ते ठाऊक नव्हते. आणि दवाखान्यात गेल्यावर रुग्णानेही संकोच सोडावा. आपण काय काम करतो, काय सोडता येणार नाही, हे डॉक्टर विचारत नसतील तर आपण होऊन सांगावे.

आईला पूर्ण हात यायला साडेतीन महिने लागले. मनगट अजून थोडे कमी वाकते, थंडीत कुरकुरते. पण दिवाळी होऊन दीड-दोन महिने झाल्यावर तिने चारही सड स्वतः काढले आणि वहीतले रतीब जागेवर आले. मधल्या काळात त्या आधीच्या दवाखान्यात मी कागदावर सही घ्यायला गेलो होतो, तेव्हा ती तरुण मुलगी भेटली. काय झाले ते तिला सांगितले. ती गप्प झाली, मग म्हणाली, “मी ‘दुखलं की थांबा’ असं सगळ्यांनाच सांगते.” तिने वही काढून काहीतरी लिहून घेतले.

परवा शेजारच्या काकूंचे प्लास्टर निघाले. त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या, हात पदरात. आईने तो ओढून घेतला, उलटा-पालटा केला आणि विचारले, “तुझा धारेचा हात कोनचा गं?” काकूंकडे म्हैस नाही. त्या ब्लाउज शिवतात. आई जरा थांबली आणि म्हणाली, “मग मशिनीवर बसून दाव बघू, कापड कसं सरकवतीस ते.”