कुजबुज आणि कलकलाट

नाशिकहून पुण्याला मोटारीने निघालेला गृहस्थ आजकाल वाटेत थांबून कोणाला रस्ता विचारीत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह बोलतात आणि खिशातला मोबाइल ते ऐकून ‘उजवीकडे वळा’ म्हणून सांगतो. मात्र हे बोलणे जमिनीवर पोचेतो इतके क्षीण होते की, गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजत असताना कोणी कानाशी कुजबुजावे, तशातली गत! शेजारी एखादे यंत्र त्याच लहरींवर गुणगुणू लागले, की जीपीएस बहिरे झालेच म्हणून समजावे.

२००१ साली कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग बंदरात नेमके हेच घडले. बंदरात जहाजांचे जीपीएस चालेना. शत्रूचा डाव? छे! शोधाअंती निघाली बोटीवरची टीव्हीची अँटेना. चित्र स्वच्छ दिसावे म्हणून तिला जोडलेला बूस्टरच लहरी फेकीत होता. एक सापडली, तरी पीडा संपेना. तसल्याच आणखी निघाल्या.

हा चोर पकडण्याची युक्ती साधी आहे. एकाच दिशेचे नीट ऐकणारी अँटेना हाती धरून सावकाश फिरवावी. आवाज जिकडून मोठा येईल, तिकडे नकाशावर रेघ ओढावी. दुसऱ्या जागी जाऊन पुन्हा तेच. दोन रेघा जिथे मिळतील, तिथे चोराचे घर. मग एकेक बटण बंद करून पाहावे.

आमच्याच रस्त्यावर, नारायणगावजवळ खोडदला, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या ताऱ्यांचे ऐकतात. पण दुखणे तेच. विजेच्या तारांचा सैल सांधा ठिणग्या टाकू लागला, की ताऱ्यांची कुजबुज बुडालीच. म्हणून तिथली मंडळी असे सांधे हुडकीत असतात. सांधा दुरुस्त झाला, की दुर्बिणीचे भले आणि वीजवाहिनीचेही!

बूस्टर काय, सांधा काय, बिचारे अजाण. जाणूनबुजून केलेल्याचे काय? अमेरिकेत एका ट्रकचालकाने आपला ठावठिकाणा मालकाला कळू नये म्हणून गाडीत जॅमर बाळगला. त्याने न्यूअर्क विमानतळावरची विमाने उतरविण्याची यंत्रणा गडबडली. २०१३ साली त्याला सुमारे ३२,००० डॉलर दंड ठोठावण्यात आला. आपल्याकडेही खासगी माणसाला जॅमर वापरण्यास मनाई आहे.

आकाश सर्वांचे सामाईक अंगण आहे. आपल्या घरचा कचरा तिथे पडत नाही ना, एवढे पाहणे हा शेजारधर्मच. त्याच कुजबुजीच्या भरवशावर एखादी रुग्णवाहिका कोणाचे तरी घर शोधीत असते.