शाखा जोडताना दारेही बसवा

कारखाना अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत, दुकान सोलापूर शहरात आणि विक्री कार्यालय पुण्यात, अशी मांडणी आता नवी नाही. तिन्ही जागांचे संगणक एका नेटवर्कने जोडले की हिशेब सोपा होतो. पण एका जागी शिरलेला व्हायरस तिन्हीकडे पोचतो, तोही त्याच वाटेने.

27 जून 2017 रोजी हेच घडले. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ पसरला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरला आणि न्हावाशेवा बंदरात तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले.

उपाय सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात दिसतो: आधी खंदक, मग दुहेरी तट. नेटवर्कचेही असेच भाग पाडावेत. एकाच स्विचवर वेगवेगळी जाळी चालवता येतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. सीसीटीव्ही एका जाळ्यात, पाहुण्यांचे वाय-फाय दुसऱ्यात, हिशेबाचे संगणक तिसऱ्यात, आणि मधल्या दारावर पहाऱ्याला फायरवॉल. शाखा व्हीपीएनने जोडाव्यात, म्हणजे वाटेत माहिती कुणाला वाचता येत नाही. लॉगिनला पासवर्डखेरीज ओटीपीही असावा.

आज कोपऱ्यातला धूळ बसलेला राउटर पाहा. पासवर्ड कंपनीने दिलेलाच असेल तर लगेच बदला. उत्पादकाने अपडेट देणे थांबवले असेल, तर चालू असला तरी तो राउटरच बदला. आणि बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवा; सगळे बंद पडले तर तीच कामाला येईल.